सांडव्यातली चौथी फळी

टेलरमास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला जाड म्हटलं नाही. पोट वाढलेल्या माणसाची पँट ते मुकाट्याने आतून उसवून दीड इंच मोकळी करत, आणि गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून म्हणे, बघा, मी आहे तसाच आहे. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी समोरच्याला कळू न देता माप बदलण्याची ही खोड काही गेली नाही. फरक एवढाच, की आता हाताखाली कापड नव्हतं, धरण होतं.

धरण म्हणजे तरी काय, मातीचा एक बांध. दीडशे फूट लांब, दोन पुरुष उंच. सासऱ्यांनी हौसेने घातलेला. जाताना त्यांनी बांध आणि तळं लेकीला दिलं आणि बांधाच्या पायथ्याखालचं घर लेकाला. हा लेक, म्हणजे मास्तरांचा मेहुणा, धंद्याने सुतार. दर रविवारी गळ टाकून बसायचा आणि मासा लागला नाही की दोष भाऊजींच्या सावलीला द्यायचा.

पण तळ्याची खरी मालकीण मास्तरीणबाई. जमिनीवर चार पावलं टाकताना दहा वेळा गुडघ्यांचा उद्धार करणारी ही बाई पाण्यात शिरली की ओळखू यायची नाही. पलीकडच्या काठापर्यंत जायची, परत यायची, वर आणखी एक फेरी मारायची. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, गुडघे चालते ठेवायचे तर पोहणं सोडू नका. मास्तरांना पोहता येत नव्हतं. ते लाकडी फलाटावर टॉवेल घेऊन बसत, आणि ती परत आली की वाकून हात देत आणि तिला वर ओढून घेत. दिवसभरात नवरा म्हणून आपण काही कामाचे आहोत असं त्यांना तेवढ्या क्षणी वाटायचं, आणि ते वाटणं त्यांना फार आवडायचं.

गेल्या वर्षी गुडघे जास्तच कुरकुरायला लागले. फलाटावरून पाण्यात उतरायची शिडी तिला जमेना. एकदा ती अर्ध्या शिडीवरून परत वर आली आणि म्हणाली, आज नको वाटतंय. ती घरात गेल्यावर मास्तरांनी टेप काढून माप घेतलं. फलाटापासून पाणी दोन फूट खाली.

बांधाच्या एका टोकाला सांडवा होता. जास्तीचं पाणी तिथून वाहून जावं म्हणून दगडात बांधलेली चार फुटांची वाट. दोन्ही बाजूंच्या दगडांना सासऱ्यांनी खाचा ठेवल्या होत्या, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लावायला. मास्तरांनी मेहुण्याकडून सात इंची फळी मागितली, शिवणाच्या खोलीत मांडणी करायची आहे म्हणून, आणि ती खाचेत सरकवली. महिन्याने दुसरी, मग तिसरी. पाणी फलाटाखाली तीन बोटांवर आलं. आता मास्तरीणबाई कडेला बसायच्या आणि नुसत्या घसरायच्या. या वर्षी तळं काय छान भरलंय, त्या म्हणाल्या. बघ ना, मास्तर म्हणाले.

आणि एके दिवशी कचेरीचं पत्र आलं. खाजगी धरणांची तपासणी होणार, गुरुवारी इंजिनिअर येणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मास्तरांनी पत्र चार वेळा वाचलं आणि मंगळवारी पहाटे जाऊन तिन्ही फळ्या काढल्या. शिवणाच्या खोलीत कापड बेतायच्या टेबलाखाली ठेवून त्यांवर जुन्या अस्तराचा गठ्ठा टाकला. पाणी उतरलं. मास्तरीणबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, ऊन कडक आहे.

इंजिनिअर म्हणजे तिशीतली एक मुलगी निघाली. पायात गमबूट, हातात काठी आणि बोलण्यात भलतीच गोड. मास्तरांना आधी बरं वाटलं. तिने फलाटाचे खांब पाहिले. त्यांवर पाण्याच्या वर पावणेदोन फूट काळा ओला पट्टा होता.

"पाणी कशाने उतरलं, मास्तर?"

"ऊन," मास्तर म्हणाले.

"पट्टा अजून ओला आहे, म्हणजे दोनेक दिवसांतच? रस्त्यापलीकडचं तळं काठोकाठ आहे. ऊन फक्त तुमच्याकडेच आलं होतं वाटतं."

ती सांडव्यात उतरली, उंबऱ्यावरचं शेवाळ बुटाने घासलं आणि काठी आपटली. दगडाचा आवाज आला नाही, लाकडाचा आला.

"आणि ही फळी?"

इथे मास्तर मनापासून चिडले. तीन फळ्यांबद्दल खोटं बोलायची तयारी करून आले होते, चौथी त्यांच्या गावीही नव्हती. तीनच होत्या हो, असं ते तावातावाने बोलून गेले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. तिने हसू दाबलं, पण वहीत लिहायचं ते लिहिलंच.

बांधाच्या पायथ्याशी गेल्यावर मात्र तिचं हसू गेलं. गवतात ताटाएवढी ओल होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. तिने पाणी काचेच्या बाटलीत धरलं आणि उजेडात उचललं. पाणी नितळ असतं तर नुसतं लक्ष ठेवा म्हटलं असतं, ती म्हणाली. हे गढूळ आहे. म्हणजे बांध आतून आपली माती सोडतोय. त्यात सांडवा अडवलेला. एक मोठा पाऊस झाला असता तर पाणी बांधाच्या डोक्यावरून गेलं असतं, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो कापत जातो, थांबवता येत नाही. तिने समोरच्या कौलांकडे बोट केलं. ते घर कोणाचं?

मास्तरांनी ते छप्पर रोज पाहिलं होतं. आज पहिल्यांदा ते केवढं जवळ आहे हे दिसलं. ते तिथेच ओल्या गवतात बसले. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. गुडघे, शिडी, दोन फूट, सगळं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "पोहा, मासे धरा, होडी आणा, माझी हरकत नाही. फक्त पाण्याची वाट अडवायची नाही. ती फळी आजच्या आज काढा आणि पायथ्याला वाळूखडीचा थर मी सांगते तसा घालून घ्या." जाता जाता ती वळली. "एक विचारू, मास्तर? पँट आखूड झाली तर तुम्ही जमीन वर उचलता का?"

चाळीस वर्षं कापड माणसाला बसवणाऱ्याने अख्खं तळं एका फलाटाला बसवायला घेतलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला चौथ्या फळीबद्दल विचारलं. त्यांना वाटलं होतं मेहुण्याचं नाव निघेल, माशांसाठी काहीतरी उद्योग केला असेल. मास्तरीणबाई भांडी पुसत होत्या. त्यांनी तेच एक भांडं तीनदा पुसलं.

"माझी आहे ती," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी घातली. काठी टेकत गेले होते."

"तू? कशाला?"

"मला वर ओढताना तुमची पाठ भरून यायची. तोंडाने सांगाल तर शपथ. पाणी सात इंच वर आलं तर सात इंच कमी वाकाल, म्हटलं."

पाठ दुखते हे मास्तरांनी तिच्यापासून दोन वर्षं लपवलं होतं आणि ते चांगलं जमलंय याचा त्यांना अभिमान होता. मग त्यांनी आपल्या तीन फळ्या सांगितल्या, आणि गढूळ पाण्याची बाटली सांगितली, आणि तिच्या भावाचं छप्पर. मास्तरीणबाईंच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्या काठी घेऊन सांडव्याकडे निघाल्या.

फळी फुगून खाचेत घट्ट बसली होती. दोघांनी मिळून ओढली तेव्हा कुठे सुटली, आणि दोघंही आपटले. तसेच चिखलाने माखून खालच्या घरी गेले आणि मेहुण्याला सगळं सांगितलं. तो हातातला रंधा खाली ठेवून ऐकत होता. एरवी भाऊजींना बोलायची एक संधी न सोडणारा माणूस, पण त्याने आधी बहिणीकडे पाहिलं. आत त्याची बायको कोणाशी तरी फोनवर हसत होती.

"ताई, तू पण?" एवढंच त्याने विचारलं.

"मी पण," त्या म्हणाल्या, आणि रडल्या.

"म्हणजे माझ्याच डोक्यावर पाणी चढवायला मीच फळ्या दिल्या. त्याही फुकट, रंधा मारून." तो उठला. "आधी पायथा करू. मग फलाट खाली घेतो. किती घ्यायचा?"

"एकतीस इंच," मास्तर म्हणाले. "चोवीस आधीचे, सात हिच्या फळीचे." या बाबतीत त्यांचं माप कधी चुकलं नव्हतं.

पायथ्याला वाळू आणि खडी पडली. इंजिनिअरने येऊन पुन्हा बाटली भरली, पाणी नितळ निघालं, आणि या खेपेला तिने चहाही घेतला. मेहुण्याने फलाट उतरवला, शिडी काढून टाकली आणि तिच्या जागी रुंद बुटक्या पायऱ्या केल्या. पायऱ्यांना पाण्याच्या आतपर्यंत जाणारा कठडा.

पहिल्या दिवशी मास्तरीणबाई कठडा धरून उतरल्या. तिघांच्याही जिवात जीव आला. दोन फेऱ्या मारून त्या परत आल्या तेव्हा मास्तर सवयीने वाकले आणि त्यांनी हात पुढे केला. पण बाईंनी कठडा धरला आणि एकेक पायरी चढत आपल्या आपण वर आल्या. मास्तरांचा हात तसाच राहिला. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी वाईट वाटलं, अगदी लहान मुलासारखं. त्यांनी हात मागे घेतला आणि टॉवेलाची नसलेली घडी नीट करू लागले.

मास्तरीणबाईंनी तोंड पुसलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्यांचा हात धरला.

"आता कशाला?" मास्तर म्हणाले. "कठडा आहे की."

"कठडा इथपर्यंतच आहे," त्या म्हणाल्या. "घर तिकडे आहे."