नानांच्या टेबलावर कधीच न आलेला मिक्सर

टोमॅटोचा पहिला शिंतोडा नानांच्या चष्म्यावर बसला आणि दुसरा थेट छताला लागला.

"झाकण!" स्टुलावर बसलेल्या माई ओरडल्या. "अहो, झाकण दाबा म्हटलं ना!"

"दाबलंय की."

"डाव्या हातानं दाबलंत. उजव्यानं दाबायचं. डावं कोपर भांड्याला लावून भांडं आतल्या अंगाला रेटायचं आणि अंगठ्यानं बटन धरून ठेवायचं. सोडलं की बंद पडतो तो."

"आता अंगठा कुठून आणू? दोन्ही हात गुंतले ना!"

"डाव्याच हाताचा. कोपर नीट टेकवलं की अंगठा आपोआप बटनापाशी येतो. अंग जरा वाकडं करा. एवढं नाही हो, पडाल!"

नाना वाकडे झाले, सरळ झाले, पुन्हा वाकडे झाले. मिक्सर एकदा गुरगुरला आणि गप्प बसला. बाजारपेठेतल्या निम्म्या घरांचे मिक्सर ज्यांच्या हातून दुरुस्त होऊन गेले होते, ते नाना मिस्त्री आपल्याच घरातल्या ओट्यापुढे हात टेकून उभे राहिले. माईंना हसू आवरेना. प्लास्टर नुकतंच निघालेला उजवा हात त्यांनी मांडीवर जपून ठेवला होता, आणि हसताना तो हलू नये म्हणून डाव्या हातानं धरला होता.

"रोज असं करतेस तू?" नानांनी चष्मा पुसत विचारलं.

"मग काय, तो माझं तोंड बघून चालतो?"

हा मिक्सर म्हणजे नानांचीच निर्मिती होती. मोटर एका कंपनीची, भांडं दुसऱ्या कंपनीचं, झाकण तिसऱ्या कंपनीचं, आणि बटन तर मुळात पंख्याचं. "याचं आडनाव काय लावायचं?" असं माई पूर्वी विचारत. त्या घरातली सगळीच यंत्रं अशी होती. फ्रिजचं दार कमरेनं ढकलल्याशिवाय बंद होत नसे, टोस्टरचा खटका चमचा लावून खाली धरावा लागे, आणि किटलीला बाजूनं एक चापट मारली तरच ती तापे. बंद पडलेली वस्तू नाना आपल्या दुरुस्तीच्या दुकानात नेत, चालू करून आणत आणि "झाली" म्हणून ओट्यावर ठेवत. माई "बरं" म्हणत. दुकानातल्या टेबलावर मोटर फिरली की नानांचं काम संपत असे. तिथे भांडं नसायचं, झाकण नसायचं, आणि भांड्यात टोमॅटो तर नसायचेच.

घरातला मिक्सर नानांनी इतक्या वर्षांत किती वेळा उघडला असेल याची गणती नव्हती, पण चालवला होता तो आज पहिल्यांदा. त्यांना लाज वाटली. छत पुसायला ते स्टूल मागू लागले, तर माई म्हणाल्या, "राहू दे तो डाग. आठवण म्हणून."

माई बाथरूममध्ये घसरल्या आणि मनगट मोडलं, तेव्हापासून हे सगळं सुरू झालं होतं. हाड जुळलं, पण जोर काही परत आला नाही. दाबायचं नाही, पिळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. पलीकडच्या गल्लीत राहणारी लेक लगेच धावत आली.

"आई, आता पुरे झालं. मी डबा लावून देते. नाहीतर दोघं आमच्याकडेच या राहायला. खोली रिकामीच आहे."

लेक मनापासून बोलत होती, म्हणून माई तिच्यासमोर काही बोलल्या नाहीत. ती गेल्यावर मात्र त्यांनी नानांना समोर बसवलं.

"डबा आला की मी काय करायचं? डब्याची वाट बघत खुर्चीत बसायचं?"

"अगं, थोडे दिवस..."

"थोडे दिवस म्हणून सुटलेलं स्वयंपाकघर परत मिळत नाही. मला ठाऊक आहे. उद्या म्हणतील गॅसपाशी जाऊ नको, परवा म्हणतील चाकू धरू नको. मला एक मिक्सर हवाय. नवा. खोक्यातून निघालेला. बोट लावलं की चालू होणारा. बाकीचं मी डाव्या हातानं बघते."

"एवढंच ना? उद्या आणतो," नाना म्हणाले.

इथेच घोडं अडलं.

नानांनी जन्मभर मिक्सर पाहिले होते ते आजारी. धडधाकट मिक्सर त्यांच्याकडे येणार कशाला? त्यामुळे प्रत्येक कंपनीची ओळख त्यांना तिच्या दुखण्यावरूनच होती, आणि त्यांनी नावंही तशीच ठेवली होती. एक 'ताप्या', जरा काम पडलं की गरम होणारा. एक 'किंचाळ्या', त्याचे बुश, म्हणजे मोटरचा दांडा धरणाऱ्या बांगड्या, वर्षभरात झिजत. एक 'छैलछबिला', बाहेरून चकचकीत आणि आतून सगळं प्लास्टिक. आणि एक 'लठ्ठ्या', स्टीलचा, बोजड, जुन्या घाटाचा. हा तर इतक्या वेळा टेबलावर येई की मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश नाना त्याच्यासाठी वरच्या खिशातच ठेवत.

शोरूममध्ये शिरले की नाना एकेक मिक्सर उचलत, उलटा करत, नाक मुरडत आणि खाली ठेवत. "हा गळणार. याचं कपलर तुटणार. याचं आर्मेचर जळणार." शेजारी उभी असलेली गिऱ्हाइकं हळूच काढता पाय घेत.

"नाना, पाया पडतो तुमच्या," शोरूमवाला शेवटी म्हणाला. "घ्यायचा तर घ्या, पण माझ्या दुकानात उभं राहून भविष्य सांगू नका."

लेकीनंही टोमणा मारला. "माझ्या जन्माच्या वेळी हॉस्पिटल निवडायला तरी एवढा वेळ घेतला होता का हो बाबा?"

तोवर तात्पुरता म्हणून डबा सुरू झाला होता. जेवण वाईट नव्हतं. माई मुकाट्यानं जेवत, डबा धुऊन दाराशी ठेवत, आणि मग डाव्या हातात फडकं घेऊन ओटा पुसत. ओट्यावर पुसण्यासारखं काही नसे. नाना पेपर वाचायचं नाटक करत ते बघत आणि उद्या मिक्सर घ्यायचाच असं ठरवत. पण आपण निवडलेला मिक्सर बंद पडला तर? जन्मभर जोडकाम दिलं, आणि आता एकदाच नवं द्यायचं तर तेही फसवं निघालं तर? या भीतीनं त्यांचा हात खिशाकडे जातच नव्हता.

मग एके दिवशी शोरूमच्या कोपऱ्यात त्यांना तो दिसला. पांढराशुभ्र, गोल, कुठे सांधा नाही की कोपरा नाही. नाना त्याच्याकडे बघत राहिले. ही कंपनी बाजारात येऊनही बरीच वर्षं झाली होती. जाहिराती यायच्या, खपही बरा होता. आणि हा मिक्सर त्यांच्या टेबलावर एकदाही आला नव्हता! एकदाही नाही! आठवून आठवून त्यांनी डोकं शिणवलं, तरी या पांढऱ्याला उघडल्याचं आठवेना.

जो कधी दुरुस्तीला येतच नाही, तो केवढा टिकाऊ असला पाहिजे. नानांना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. कंपन्यांची तुलना करणारे लोक काय करणार, खरा हिशोब दुरुस्तीवाल्याकडेच असतो, असं त्यांनी शोरूमवाल्याला ऐकवलंसुद्धा. शोरूमवाला काही बोलणार होता, पण नानांचा उत्साह बघून त्यानं नुसती मान हलवली आणि खोकं बांधून दिलं.

घरी माईंनी बोट लावलं. मिक्सर चालू झाला. बोट काढलं, तरी चालूच राहिला. माई दोन पावलं मागे सरकल्या आणि दोन्ही हात सोडून त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "याला आपली गरजच नाही!"

डबा बंद झाला. घरात पुन्हा लसणाचा वास दरवळू लागला. माईंनी सूप केलं, ते शेजारणीला नेऊन दिलं, आणि तिला मुद्दाम घरी बोलावून तिच्याकडूनही बटन दाबून घेतलं. नाना दुकानात शीळ घालत काम करू लागले. ते दिवस छान गेले.

आणि मग एका सकाळी, अर्धा लसूण वाटून झालेला असताना, पांढरा मिक्सर थांबला. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. नुसता थांबला.

"काही नाही गं, आण इकडे," नाना म्हणाले. त्यांना तर आतून बरंच वाटलं. स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते बसले आणि मिक्सर उलटा केला. जास्त भारानं थांबलेली मोटर पुन्हा सुरू करायचं ओव्हरलोडचं लाल बटन खाली नव्हतं. स्क्रू बहुतेक रबरी पायांखाली लपवलेले असतात, म्हणून त्यांनी पाय उपटून काढले. खाली सपाट प्लास्टिक. कंपनीचं स्टिकर खरवडलं, त्याखालीही काही नाही. सांध्याच्या रेषेवरून नख फिरवलं, तर सांधा वितळवून एकजीव केलेला.

नानांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि ते पांढरं गाठोडं मांडीवर घेतलं.

"काय झालं?" माईंनी विचारलं.

"उघडतच नाही गं हा."

"म्हणजे?"

"म्हणजे याला उघडायची सोयच नाही ठेवलेली. म्हणून माझ्याकडे कधी आला नाही." नानांनी उपटलेले रबरी पाय गोळा केले. "मी समजलो, बिघडतच नाही. चूक झाली माझी. एक वस्तू आणली तुला जन्मात, तीही अशी."

माईंनी मिक्सरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. हे असं पडलेलं तोंड त्यांनी फार वेळा पाहिलं नव्हतं.

"चला, चपला घाला," त्या म्हणाल्या. "मी पण येते."

शोरूमवाल्यानं मिक्सर बघितला आणि काही न विचारता बाजूला ठेवला. "हमी आहे. बदलून देतो ना. त्यात काय?"

"असे परत येतात का रे?" नानांनी विचारलं.

शोरूमवाल्यानं जरा अवघडून मागच्या खोलीचा पडदा सरकवला. आत भिंतीला लागून पांढरे मिक्सर रचलेले होते. "कंपनीची गाडी येते, घेऊन जाते. दुरुस्त नाही करत, फेकतात. हमी संपलेले तर लोक स्वतःच कचऱ्यात टाकतात. त्या दिवशी सांगणार होतो नाना, पण तुम्ही इतके खुशीत होता..."

नाना पडद्यापाशी उभे राहून ती रास मोजू लागले. माई मात्र तिथे थांबल्याच नव्हत्या. त्या फळ्यांवरून नजर फिरवत पुढे गेल्या होत्या, आणि एका स्टीलच्या बोजड मिक्सरपुढे उभ्या होत्या.

"हा द्या."

"अगं, तो लठ्ठ्या!" नाना घाईनं पुढे झाले. "तो तर सारखा येतो माझ्याकडे. आता, या क्षणी, दोन पडलेत टेबलावर."

"कुणाचे?"

"एक त्या बेकरीवालीचा. एक शाळेतल्या शिपायाच्या आईचा."

"किती जुने?"

नाना अडखळले. "बेकरीवालीचा... तिच्या सासूच्या वेळचा असेल."

"आणि तुम्ही काय करता त्याला?"

"कार्बन बदलतो. फार तर बुश. पुन्हा पळतो."

"मग झालं तर," माई म्हणाल्या. "अहो, ज्यांचा तुटतो आणि टाकवत नाही, तेच तुमच्याकडे येतात ना? टाकून दिलेले तुमच्याकडे कशाला येतील? या लठ्ठ्याला माणसं इतकी वर्षं उचलून उचलून आणतात, ते काय हौस म्हणून?"

नानांनी शोरूमवाल्याकडे बघितलं. शोरूमवाला छताकडे बघत होता.

"बटन?" नानांनी हळूच विचारलं. "दाबून बघ. मनगटाला जड नको व्हायला."

माईंनी डाव्या हाताच्या बोटानं खटका फिरवला. मग जरा थांबून उजव्या हातानंही फिरवून बघितला. फिरला. त्यांनी मान हलवली आणि खोकं बांधून बिल स्वतःच्या नावानं करायला सांगितलं. खोकं अर्थात नानांनी उचललं, आणि त्याचं वजन जाणवून त्यांना फार समाधान वाटलं.

आता रोज सकाळी लठ्ठ्या घरभर घरघरतो. आवाज मोठा आहे, शेजारीण कुरकुर करते. कधीकधी नानाच टोमॅटो वाटून देतात. झाकण बसवतात, खटका फिरवतात आणि हात पाठीमागे बांधून उभे राहतात. छतावरचा डाग अजून तसाच आहे.

जुना मिक्सर नाना दुकानात घेऊन गेले. सुटे भाग काढून घ्यायचा विचार होता. एकदा खोललाही, पण तसाच पुन्हा जोडून फळीवर ठेवला. परवा एक गिऱ्हाईक त्याच्यापाशी थांबलं.

"हा विकायचाय का, नाना? चालू आहे?"

"चालू आहे," नाना म्हणाले.

"दाखवा की मग."

नानांनी मिक्सर टेबलावर घेतला, वायर जोडली. उजव्या हातानं झाकण दाबलं. डावं कोपर भांड्याला लावलं, अंग वाकडं केलं आणि अंगठ्यानं बटन शोधलं. मिक्सर गुरगुरला आणि गप्प बसला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं.

"बंद आहे हो हा," गिऱ्हाईक म्हणालं.

"नाही, चालतो," नाना म्हणाले. "आमच्या घरी रोज चालायचा. मला येत नाही चालवता."

गिऱ्हाईक हसून निघून गेलं. नानांनी वायर गुंडाळली, फडक्यानं मिक्सर पुसला आणि पुन्हा फळीवर ठेवला, बटनाची बाजू पुढे करून.