मिस्त्रींचे रविवार

"गळती नाही, पोरी," काडीकाका म्हणाले आणि नळीवरचा साबणाचा फेस त्यांनी अंगठ्याने निपटला. "एक बुडबुडा उठला नाही. तूच बघ."

तिने वाकून पाहिलं. शेगडीमागून भिंतीत शिरणाऱ्या नळीवर फेस नुसता बसून होता.

"पण मला वास येतोय, काका."

"आत्ता?"

"आत्ताही."

काडीकाकांनी मान वर करून हुंगलं. दातांत धरलेली आगकाडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. ही काडी ते कधी पेटवायचे नाहीत, पण ती तोंडात असल्याशिवाय त्यांना काम सुधरायचं नाही. स्वतःही काडीसारखेच. बाबा जाईपर्यंत त्यांच्याबरोबर त्यांनी उभा जन्म हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतले बर्नर दुरुस्त करण्यात घालवला होता.

"रोज हेच चाललंय हिचं," आई ओट्याशी कांदा चिरता चिरता म्हणाली. "खिडक्या उघड्या ठेवून ठेवून कबुतरं राहायला आली घरात. आता भाडं मागावं म्हणते मी त्यांच्याकडे."

काडीकाका हसले. हत्यारं पिशवीत भरता भरता सहज म्हणाले, "नाक तिखट आहे पोरीचं, त्याला कोण काय करणार? मिस्त्री उगाच का म्हणायचे, माझं नाक आता मुलीकडे असतं म्हणून."

सुरीचा आवाज थांबला.

"म्हणजे?" तिने विचारलं.

काडीकाकांनी आईकडे पाहिलं. आईने कांद्याकडे पाहिलं.

"म्हणजे हिला माहीत नाही?" काका आईला म्हणाले. मग तोंडातली काडी काढून त्यांनी खिशात घातली. "अगं, शेवटच्या वर्षात मिस्त्रींना वास येत नव्हता. काहीच नाही. फुलाचा नाही नि गटाराचा नाही."

बर्नरच्या मिस्त्रीला वास येत नाही म्हणजे गवयाला ऐकू येत नाही. कुणाच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी एकाही हॉटेलवाल्याने त्यांना दारात उभं केलं नसतं. ते तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिला दुसरंच काहीतरी समजत होतं आणि ते समजू नये असं वाटत होतं.

बाबांनी आयुष्यभर घरच्यांना कधी हॉटेलात नेलं नव्हतं. ते स्वतः मात्र शहरातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत जेवले होते. त्यांच्या धंद्यात एक पद्धत होती. बर्नर दुरुस्त झाला की त्यावर पहिला जो पदार्थ होईल तो मिस्त्रीने खायचा, तिथेच, मागच्या दाराशी उभ्याने, कढईच्या झाकणात घेऊन. त्याने घास घेऊन मान हलवली की काम पुरं झालं. लहानपणी ती हट्ट करायची तेव्हा बाबा म्हणायचे, "पुढून जेवायचं म्हणजे नाटक बघायचं. जेवण खरं मागच्या बाजूला असतं."

आणि मग, लग्न मोडून ती परत आली त्या वर्षी, एका रविवारी बाबा स्वच्छ शर्ट घालून तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले. "चल," म्हणाले. "चांगलंचुंगलं खाऊन येऊ." त्यानंतर प्रत्येक रविवारी. वाचनालयात आठवडाभर लोकांना पुस्तकं काढून देताना ती त्या दुपारची वाट पाहू लागली होती. बाबा स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेलं टेबल निवडायचे, पाणी यायच्या आधी तिच्याकडे वाकून विचारायचे, "हं, सांग. कसला कसला वास येतोय?"

तिला वाटायचं, हा खेळ आहे. ती डोळे मिटून सांगायची. लसूण. लोण्यात पाव भाजतायत. कुणीतरी मासा साफ करतंय. दूध उतू गेलंय वाटतं. बाबा लक्ष देऊन ऐकायचे, मग "आलोच" म्हणून आत जायचे, ओळखीच्या आचाऱ्यांना भेटायला. परत यायचे तोवर जेवण आलेलं असायचं.

"तुला ठाऊक होतं," काडीकाका गेल्यावर ती आईला म्हणाली.

"करपलेलं दूध मुकाट्याने प्यायले एक दिवस. मला कळायला वेळ लागतो का?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

आई चिरलेला कांदा पुन्हा चिरत होती. "तू खोलीतून बाहेर पडत नव्हतीस. त्यांच्याबरोबर जायला लागलीस, हसून घरी यायला लागलीस. कशाला सांगू? ते कशासाठी नेत होते, त्याचं मला काय करायचं होतं?"

पण तिला करायचं होतं. दर रविवारी बाबा तिला जेवायला नेत होते, की तिच्या नाकाला?

या प्रश्नाने तिची पाठ सोडली नाही. वाचनालयात एखादं जुनं पुस्तक उघडावं तर पानांतून पितळ आणि साबणाचं पाणी असा बाबांच्या हातांचा वास यायचा. जिन्यात यायचा. रिकाम्या बसमध्ये शेजारी कुणी नसताना यायचा, आणि तिची मान आपसूक वळायची. जसं काही ते कानाशी वाकून विचारतच होते आणि तिचं उत्तर अजून पुरं झालं नव्हतं.

ती निघाली. ज्या ज्या ठिकाणी ते जेवले होते तिथे तिथे जाऊन विचारायचं तिने ठरवलं. कोर्टासमोरच्या खाणावळीत भरदुपारी गर्दी होती. तिथली आचारीणबाई दारातच बसून वाटाणे सोलत होती. तिने हिला लगेच ओळखलं.

"मिस्त्रींची मुलगी ना तू? बस. अंगाने उतरलीस गं."

"बाबा रविवारी आत यायचे, तेव्हा काय करायचे?"

"करायचे काय? बर्नर तपासायचे. एकेक नळी, एकेक चावी. म्हणायचे, आज बिलाचं काही नाही, आलोच आहे जेवायला तर बघून जातो. आणि तू तो कोबीचा गोंधळ घातलास तो आठवतोय का?"

तिला आठवत होता. त्या दिवशी डोळे मिटून ती म्हणाली होती, "बाबा, कोबी शिळा आहे यांचा. सडलाय." बाबा ताडकन उठले होते. आत जाऊन त्यांनी मोठी चावीच बंद केली. सगळ्या शेगड्या विझल्या, बाहेर लोक रिकाम्या ताटांवर बसून राहिले, मालकाने आवाज चढवला. एका कोबीपायी बाबांनी एवढं वादळ उठवावं याची तिला लाज वाटली होती. घरी येईपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

"कोबी नव्हताच त्या दिवशी स्वयंपाकात," बाई म्हणाली. "ओट्याखालची नळी फुटलेली. आम्ही दिवसभर त्यातच असतो, आमची नाकं मेलेली. तू बोलली नसतीस तर आज मी वाटाणे सोलत बसले नसते. मालक आता फुशारक्या मारतो, म्हणे मलाच आधी संशय आला. त्याला स्वतःच्या पायमोज्यांचा येत नाही, गॅसचा कुठला येतोय."

ती हसली नाही. बाईने मूठभर वाटाणे तिच्या तळहातावर ठेवले. "खा. कोवळे आहेत."

पुढचं ठिकाण बाजारातलं. तिथेही तेच. बाबा आत आले होते, चाव्या तपासल्या होत्या. स्टेशनामागचं जुनं उपाहारगृह, तेच. चढावरची ती पावांची भट्टी, जिथे बाबांनी तिला पहिला गरम पाव स्वतःच्या हाताने मोडून दिला होता, तिथला भटारी म्हणाला, "मिस्त्री माणूस कामाचा. रविवारीसुद्धा हत्यारं खिशात."

प्रत्येक ठिकाणी लोक भरभरून चांगलं बोलत होते, आणि प्रत्येक चांगल्या शब्दाबरोबर तिचा एकेक रविवार तिच्याकडून काढून घेत होते. ती काही खात नव्हती. पुढ्यात आलेलं ताट तसंच ठेवून उठायची. वेटर मागून हाक मारायचे, "ताई, बांधून देऊ?"

"एकच राहिलंय," एका संध्याकाळी तिने आईला सांगितलं. "धक्क्यावरचं."

"ते मासळीचं? तिथे कशाला जातेस? तूच म्हणाली होतीस ना, त्या माशापेक्षा चप्पल बरी म्हणून."

खरं होतं. धक्क्यावरच्या त्या हॉटेलातलं जेवण तिला कधी आवडलं नव्हतं. मासा कोरडा, बटाटे गिच्च, सूप म्हणजे आचाऱ्याने पाण्याशी केलेली थट्टा. एवढं शहर उभं-आडवं खाल्लेला माणूस तिथे का जातो, हे कोडं तिला तेव्हाही पडलं होतं. बाबा मात्र तिथे पुन्हा पुन्हा न्यायचे आणि निघताना न चुकता म्हणायचे, "आजचं जेवण झकास झालं." त्यांच्या जिभेला झालंय तरी काय, असं तिला वाटायचं. आता कळत होतं की जिभेलाही काही लागतच नव्हतं. मग बाबांनी तिथे जायचं कारण एकच उरत होतं, बर्नर. ते ऐकून यायचं आणि संपवायचं.

ती पोचली तेव्हा दुपारची वर्दळ ओसरली होती. होड्या बांधलेल्या होत्या, धक्क्याच्या टोकाला डिझेलचा पंप, आणि त्याच्या शेजारी हे हॉटेल, पत्र्याच्या छपराचं, मधोमध छपराला टेकू दिलेला जाडजूड खांब. म्हातारी मालकीण टेबलं पुसत होती. तिला ऐकायला कमी यायचं, त्यामुळे ती सगळ्यांशी लांबच्या होडीवरच्या माणसाशी बोलावं तशी बोलायची.

"एकटीच? वडील कुठायत?"

तिने सांगितलं. मालकिणीने फडकं खांद्यावर टाकलं आणि ती समुद्राकडे वळली.

"बाबा इथे यायचे," तिने आवाज चढवून विचारलं, "तेव्हा आत येऊन बर्नर तपासायचे का?"

"बर्नर? कुठले बर्नर?"

"गॅसचे. तुमच्या स्वयंपाकघरातले."

"गॅस नाहीये इथे." मालकिणीने हनुवटीने पंपाकडे दाखवलं. "शेजारी एवढं तेल. इथे काडी ओढायचीसुद्धा बंदी. सगळं विजेवर. म्हणून तर मासा असा होतो. मला ठाऊक आहे कसा होतो ते. लोक तोंडावर बोलत नाहीत."



"तुझे वडील आधी एकदा एकटे आले होते," मालकीण म्हणाली. "आत डोकावून बघितलं. विचारलं, सगळं विजेवरच का? मी म्हटलं, सगळं. म्हणाले, मग इथे मला काही काम नाही. मला वाटलं, निघाले. तर म्हणाले, रविवारी मुलीला घेऊन येतो."

एक होडी दुसरीला घासली. दोर ताणला गेला आणि सैल झाला.

इथेही त्यांनी विचारलं होतं. प्रत्येक वेळी. हं, सांग, कसला कसला वास येतोय? इथे फुटणारी नळी नव्हती, बंद करायची चावी नव्हती. आणि ती सांगत राहिली होती, ओले दोर, मीठ, लिंबाची साल, उन्हात तापलेला रंग, कुणाची तरी तंबाखू. बाबा घास हातात तसाच धरून डोळे मिटून बसायचे. त्यांना डुलकी लागली असं वाटून ती म्हणायची, "बाबा, जेवा ना, गार होतंय." ते डोळे न उघडता म्हणायचे, "होऊ दे. तू बोल."

"जेवणार ना?" मालकिणीने विचारलं.

"हो. नेहमीचंच आणा."

त्यांचं टेबल रिकामं होतं. ती नेहमी बसायची ती खुर्ची बाहेरच्या बाजूची. तिथून धक्का दिसायचा, होड्या दिसायच्या, पश्चिमेकडे उतरणारं ऊन थेट पाण्यावर पडलेलं दिसायचं. तिने ती ओढली नाही. वळसा घालून ती समोरच्या, बाबांच्या खुर्चीवर जाऊन बसली.

मासा आला. कोरडाच होता. तिने पहिला घास तोडला, खाल्ला, मग दुसरा. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला भूक लागली होती आणि ती सावकाश, काटे नीट बाजूला काढत, जेवत होती.

"अगं, तिथे काय बसलीस?" मालकीण लांबून ओरडली. "तिथून खांब येतो मध्ये. समुद्र नाही दिसत. पलीकडच्या खुर्चीवर बस."

तिने मान वर केली. खरंच, खांबाने सगळा समुद्र झाकला होता. होड्या नाहीत, पाणी नाही, ऊन नाही. तिथे बसणाऱ्याला फक्त समोरची खुर्ची दिसत होती.

"असू दे," ती म्हणाली आणि पुढचा घास घेतला.