नळ चालू असेपर्यंत

मामांनी अर्ज लिहून खिशात ठेवला होता: मला गाडीवरून काढा, वर्कशॉपमध्ये टाका. बावीस वर्षं अँब्युलन्स चालवलेला माणूस, अख्ख्या स्टेशनचा मामा, आणि आता नट-बोल्ट पुसत बसणार! पण गेले अठरा दिवस गाडी चालवायची भीती वाटत होती, आणि ते कुणाला सांगायची छाती होत नव्हती.

अठरा दिवसांपूर्वी एका सायकलवाल्याला ट्रकने उडवलं होतं. मामांनी पुलाचा रस्ता धरला. पुलावर गाड्यांची ही भली मोठी रांग! मागून पेशंटजवळच्या सिस्टर ओरडत होत्या, "आहे मामा, आहे अजून!" सहा मिनिटं तिथेच गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी नुसती मान हलवली. खालच्या रस्त्याने गेलो असतो तर? हा एकच भुंगा तेव्हापासून मामांचं डोकं पोखरत होता.

घरी बायको म्हणायची, "अहो, भाजीत मीठच नाही, निदान ओरडा तरी!" मामा तसंच जेवून उठायचे.

स्टेशनची एक रीत होती. ड्युटी संपली की गाडीवरच्या दोघांनी मिळून गाडी धुवायची. नळ चालू असेपर्यंत हवं ते बोलायचं, रडायचं, शिव्या घालायच्या. नळ बंद, विषय बंद. मामा मात्र अठरा दिवस कंबर धरून सटकत होते.

आज सिस्टर वाटेतच उभ्या राहिल्या.

"कंबर झकास दिसतेय. धरा पाइप."

"अर्ज द्यायचाय साहेबांना."

"कसला अर्ज?"

पाणी सुरू झालं आणि मामांचा बांध फुटला. "सिस्टर, त्याला मी मारलं हो! पुलावर अडकलो नसतो तर वाचला असता."

सिस्टरांच्या हातातला ब्रश थांबला. "अहो मामा, तो पुलावर पोचायच्या आधीच गेला होता. सिग्नलपाशी नाडी थांबली, ती परत आलीच नाही. छातीचा पार चुरा झाला होता. कुठल्याही रस्त्याने गेलो असतो तरी वाचला नसता, डॉक्टरच म्हणाले."

"मग 'आहे, आहे' काय ओरडत होतात?"

"तुम्ही सारखे मागे वळून बघत होतात. म्हटलं, खचलात तर स्टिअरिंग सुटेल. त्याच दिवशी गाडी धुताना सांगणार होते, तर तुम्ही गायब!"

मामा गाडीच्या पायरीवर मटकन बसले आणि लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. केवढं मोठं ओझं उतरलं! पाइप मांडीवरच वाहत होता; खिशातल्या अर्जाचा लगदा झाला, तेव्हा त्यांना रडता रडता हसू फुटलं.

"झालं? करू बंद?" सिस्टरांनी नळाला हात घातला.

मामांनी डोळे पुसले. नाडी थांबलेली छाती दाबत, खोटं ओरडत, ही बाई एकटी मागे बसली होती. "सिस्टर, हे तुम्ही कुणाजवळ बोललात?"

"कुणाजवळ बोलणार? गाडीवरचा दुसरा माणूस तर पळत होता."

गाडी केव्हाच लख्ख झाली होती. मामांनी सिस्टरांचा हात नळावरून बाजूला केला, पायरीवर सरकून जागा केली आणि म्हणाले, "बसा. बोला आता."