साहेबांच्या तोंडावरची फांदी

साहेबांचा वाढदिवस तोंडावर आला आणि अंकुशच्या जिवाला घोर लागला. अहेरीच्या रस्त्यावर, गावाच्या वळणाशी त्याने भलामोठा फ्लेक्स लावला होता. पण त्याच्या आईच्या, सोमारीच्या, मोहाच्या झाडाची एक फांदी नेमकी साहेबांच्या तोंडावर आली होती. फ्लेक्स हलवावा, तर बाकी जागा दुसऱ्या पुढाऱ्यांच्या भक्तांनी अडवलेल्या. आपल्याकडे पुढाऱ्यांपेक्षा त्यांचे फ्लेक्सच जास्त, हे तुम्हाला मी काय सांगावे!

अंकुश कुऱ्हाड घेऊन आला. मोहफुले गळायला लागली होती, म्हणून सोमारी झाडाखालचा पालापाचोळा झाडत होती. फुलावर आलेल्या मोहाला त्या गावात कोणी लोखंड लावत नाही. अंकुशला हे ठाऊक नव्हते असे नाही.

"एकच फांदी हाय, आई. साहेबाचं तोंड झाकून राह्यलं."

"मंग झाकू दे." सोमारी खोडाला पाठ लावून उभी राहिली. "मागच्या पावसात नाल्यावर पूल नाई म्हणून रीनाले खाटेवर नेलं. पोटातलं लेकरू गेलं तुह्यं. मंग साहेब आला होता ना? पुलाचं बोलला तू?"

त्या दिवशी अंकुशने साहेबांना खेटून फोटो काढला होता आणि घसा बसेपर्यंत जयजयकार केला होता. त्याची बायको रीना तेव्हा दवाखान्यातच होती.

"आपन पेनदेवालेबी इचारतो, पानी काऊन नाई पाडलं म्हणून. आन् या मानसाले इचाराले तुले भेव लागते? मत देलं ना त्याले? मंग काम सांग. पाया कायले पडतं?"

अंकुशला आपली लाज वाटली. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या.

वाढदिवसाच्या सकाळी गाड्या वळणावर थांबल्या. हार घेऊन आलेला साहेबांचा कार्यकर्ता सुरज ओरडला, "फ्लेक्स कुठी हाय बे?"

अंकुशने झाडाखाली बोट दाखवले. फ्लेक्स तिथे अंथरला होता. साहेबांच्या कपाळावर मोहफुले गळत होती, आणि सोमारी नि रीना ती टोपलीत वेचत होत्या.

अंकुश रिकाम्या हाताने गाडीच्या काचेशी गेला. "साहेब, नाल्यावर पूल कधी होते?"

"पाहू."

"लय पाह्यलं आमी. आता तुमी चाला, नाला पाहा."

गाडी सुरू झाली, तेव्हा टोपल्या घेऊन गावातल्या बाया रस्ता अडवून उभ्या होत्या. रीना सर्वांत पुढे होती. साहेबांना उतरावेच लागले, आणि नाल्यापर्यंत पायी जावे लागले.

मंडळी, पुढारी आपण निवडतो, त्याची पूजा मांडायला नव्हे. ज्याला मत दिले त्याला ताठ मानेने जाब विचारा. त्याचा फोटो लागणारच असेल, तर मोह वेचायच्या कामी लागू द्या.