टाय कोणी बांधला

आमच्या गिरीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कोणीही विचारावं, ‘कसा आहेस?’ हा म्हणणार, ‘एकदम मस्त.’ मानेचं ऑपरेशन झालं त्या दिवशी शुद्धीवर आल्या आल्या नर्सलाही हेच म्हणाला. ती बिचारी लिहून मोकळी झाली. आमच्या भोगाला तिथूनच सुरुवात झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

मानेच्या मणक्यात नस दबली होती. ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात, पण हातांची पकड गेली ती गेलीच, आणि चालताना तोल जातो. इथल्या नोव्हाय गावातल्या मोटारींच्या कंपनीत सीटबेल्ट डिझाइन करणारा माणूस, त्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येईना. नोकरी सुटली. सरकारकडे डिसेबिलिटीचा, म्हणजे अपंगत्वाच्या भत्त्याचा, अर्ज केला, तो नाकारला. पुन्हा बघा म्हटलं, पुन्हा नाकारला. का, तर डॉक्टरांच्या नोंदींत सगळं आलबेल. असणारच. डॉक्टर विचारणार, ‘हाउ आर यू डूइंग?’ आणि आमचे साहेब म्हणणार, ‘व्हेरी गुड, डॉक्टर, अँड यू?’ एका फॉर्मवर विचारलं होतं, घरातली कोणती कामं तुम्हाला करता येत नाहीत, ती कोण करतं? यानं लिहिलं, स्वयंपाक, धुणं, भांडी सगळं बायको करते. अरे बाबा, ती बायको लग्न झाल्यापासून करतेय, तुझ्या मानेचा त्यात काय संबंध? वाचणाऱ्याला वाटलं असेल, या घरात काहीच बदललेलं नाही.

आता उरलं होतं अपील, म्हणजे जजसमोर सुनावणी. माझा सगळा जीव त्यात अडकला होता, आणि कारण अगदी साधं होतं. मी ट्रॉय गावात एका डेंटिस्टकडे फ्रंट डेस्कवर असते, सकाळी जाते ती संध्याकाळीच येते. घर माझ्या पगारावर चालतं. मी येईपर्यंत गिरीश घरात एकटा. क्लेम मंजूर झाला, तर मी अर्धा दिवस काम करून दुपारी घरी येऊ शकणार होते. मला एवढंच हवं होतं. कामावर असताना माझा फोन वाजला की समोरचा पेशंट सोडून मी आधी नंबर बघायचे.

आमची वकील कारा, पोरगी हुशार. तिनं बजावलं होतं, रोज घरी जसे असता तसेच बसा, काही लपवू नका. ऋता, आमची मुलगी, ती जर्सी सिटीहून फोनवर हेच सांगत होती, ‘बाबा, प्लीज, जस्ट टेल देम द ट्रुथ.’ गिरीश दोघींना ‘येस, येस, ऑफ कोर्स’ म्हणाला. फोन ठेवला आणि मला म्हणतो कसा, ‘माझा निळा शर्ट इस्त्री कर. आणि टाय काढून ठेव.’

‘कारा काय म्हणाली, ऐकलंस ना?’

‘जजसमोर ट्रॅक पँट घालून बसू? वेड लागलंय का तिला?’

सकाळी मी त्याची दाढी केली, शर्ट चढवला, बटणं लावली. तो शाळेत निघालेल्या पोरासारखा हनुवटी वर करून उभा. टाय बांधताना मी तोंडाचा पट्टा चालू ठेवला होता, पण मला त्याला नाही म्हणवेना. माणसाचं एवढं सगळं गेलं, इस्त्रीचा शर्ट तरी राहू दे.

सुनावणी व्हिडिओवर होती. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, समोर आम्ही दोघं, पडद्यावर एका चौकटीत कारा, दुसऱ्यात जजबाई. बाई वयस्कर होत्या, आवाज मऊ. त्यांनी गिरीशला शपथ दिली आणि विचारलं, किती चालता येतं? ‘आय मॅनेज.’ हातांचं काय? ‘लिटल बिट प्रॉब्लेम, बट आय मॅनेज.’ कारानं तोच प्रश्न फिरवून विचारला, हा पुन्हा मॅनेज. मी टेबलाखाली त्याचा पाय दाबला. त्याला ते बहुतेक कळलंही नसेल, पायात संवेदनाच कुठे राहिलीय.

मग जजबाई म्हणाल्या, आज तुम्ही फार छान तयार होऊन आलात. स्वतःचे स्वतः तयार झालात?

‘येस, मॅडम,’ गिरीश म्हणाला.

माझं डोकंच सटकलं. शपथ घेऊन बसलेला माणूस, आणि एका टायपायी खोटं बोलतोय. ‘नो,’ मी म्हणाले, ‘ही डिड नॉट. आय डिड.’ कारा तिच्या चौकटीत घाबरून हात हलवायला लागली. जजबाईंनी तिला थांबवलं, मला शपथ दिली आणि म्हणाल्या, बोला.

मी बोलले. दाढी मी करते. आंघोळ मी घालते. पोळीचे तुकडे करून ठेवते, तर तेही त्याच्या बोटांतून निसटतात, म्हणून मी नसताना तो जेवतच नाही. महाराष्ट्र मंडळात लोक विचारतात, गिरीश का येत नाही, तर त्याला काम आहे म्हणून मीच थापा मारते. हे सगळं सांगताना मी त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. चारचौघांत मी नवऱ्याची टिंगल पुष्कळ केलीय, पण त्याला असं उघडं कधी पाडलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटत होती आणि तरी तोंड थांबत नव्हतं.

जजबाईंनी गिरीशला विचारलं, तुमची पत्नी म्हणतेय ते खरं आहे का?

मला वाटलं, हा आता हसून म्हणणार, ती जरा जास्तच सांगते, आणि सगळं मुसळ केरात जाणार.

‘ट्रू,’ तो म्हणाला, ‘बट शी डझंट नो एव्हरीथिंग.’

पुढचं त्यानं इंग्रजीतच सांगितलं, मी आपल्या भाषेत सांगते. ‘ती कामावर गेली की मी पाणी पीत नाही. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. मागे एकदा तिथे पडलो, तर उठताच येईना. सगळी दुपार फरशीवर गेली. सरपटत बाहेर आलो आणि ती यायच्या आत कसाबसा खुर्चीत बसलो. तेव्हापासून ती येईपर्यंत मी पाणी पीत नाही.’

जजबाई खाली मान घालून लिहीत राहिल्या. नंतर त्यांनी काय विचारलं, कारा काय बोलली, मला काही आठवत नाही.

लॅपटॉप बंद झाल्यावर मी म्हणाले, ‘मला का नाही सांगितलंस?’

‘तू नोकरी सोडली असतीस.’

‘सोडली असती.’

‘मग खाल्लं काय असतं आपण?’

मला रडू येत होतं आणि त्याचा भयंकर रागही येत होता. मी त्याचा टाय सोडवला आणि तिथेच त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. तो एका हातानं माझी पाठ थोपटायचा प्रयत्न करत होता. हात नीट पडत नव्हता, तरी थोपटत होता.

उन्हाळा लागता लागता निकाल आला. क्लेम मंजूर. ऋता फोनवर मराठी, इंग्रजी मिळून काहीतरी ओरडत होती, मला अर्धं कळलंच नाही. मी डेंटिस्टशी बोलून घेतलं, आता फक्त सकाळची येणार.

पहिल्या दिवशी दुपारी घरी पोचले, तर गिरीश दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेला. मला बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

‘वीणा, आधी मला बाथरूमला ने,’ तो म्हणाला. ‘सकाळपासून पोटभर पाणी प्यायलोय.’