वस्तुरूपाने

"रोख नको, वस्तू द्या," हे चिटणीस इतक्या सवयीने म्हणत की कोणी नुसता नमस्कार केला तरी त्यांच्या तोंडून तेच निघेल अशी भीती वाटे. युवक केंद्राचा सगळा संसार याच वाक्यावर चालला होता. आधीचा चिटणीस गल्ला घेऊन पसार झाला होता, आणि दुधाने तोंड भाजलेली समिती तेव्हापासून ताकही फुंकून पीत होती. हे निवडून आले आणि पहिल्याच बैठकीत म्हणाले, "मी पैशाला हात लावणार नाही." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या त्यांच्या कानात अजून वाजत होत्या, सगळा घोळ तिथेच होता.

वस्तू भरपूर यायच्या. व्यापाऱ्याकडे पैसे मागितले की तो खिसा शिवून घेतो. वस्तू मागा, लगेच गोदाम उघडतो, आणि जे कोणी विकत घेत नाही ते नेमकं समाजकार्यासाठी काढून देतो. केंद्रात सायकल एकही नव्हती, पण हेल्मेटं खोलीभर होती. पट्टा नसलेलं पळायचं यंत्र होतं. सिमेंटच्या दुकानाचं नाव छापलेली भिंतीवरची घड्याळं तर इतकी, की भिंती कमी पडल्या. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, दुसरं काय. चिटणीस मात्र प्रत्येक वस्तूची छापील किंमत जमेत धरत, त्यामुळे वार्षिक सभेत केंद्र मोठं श्रीमंत दिसे.

फक्त माणूस कोणी दान देत नव्हतं. शिकवणारा एकच होता, चिटणिसांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. तो मुलामुलींना बॉक्सिंग शिकवायचा. शाळेत मान वर न करणारी पोरं त्याच्यासमोर ताठ उभी राहायची आणि घरी मार खाऊन आलेली पोरगी त्याच्या हातातल्या गादीवर ठोसे मारून मोकळी व्हायची. संध्याकाळ झाली की दाराशी गर्दी व्हायची ती त्याच्यासाठी, हेल्मेटांसाठी नव्हे. हे चिटणिसांना ठाऊक होतं. तरी त्याचं मानधन त्यांनी ठरवलं होतं 'वस्तुरूपाने', म्हणजे जे येईल त्यातलं थोडं त्याला. भाच्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, बायकोला दिवस गेले होते, आणि घरात सहा घड्याळं टिकटिकत होती.

एक दिवस बूटवाला आला. बाजारपेठेतलं सगळ्यात मोठं दुकान त्याचं. त्याने अख्खा वर्ग उभ्याने पाहिला आणि म्हणाला, "वस्तूबिस्तू राहू द्या. या मास्तरचा वर्षाचा पगार माझ्याकडून. दर महिन्याला रोख."

चिटणिसांचे डोळे लकाकले. पण बाकावर समितीचे तिघं बसले होते. चिटणीस हसले आणि सवयीने बोलून गेले, "आम्ही रोख घेत नाही हो. वस्तू द्या."

भाचा एका मुलीच्या मुठीला पट्टी गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही, पट्टी मात्र उलगडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. बूटवाल्याने खांदे उडवले. आठवड्याने टोकदार, चकचकीत, लग्नात मिरवायच्या बुटांची खोकी आली. बॉक्सिंगला.

दुसऱ्या दिवशी बहीण आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"घरमालक भाडं मागतोय. त्याला काय देऊ, घड्याळ?"

"ताई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुझं आणि पोट त्याचं. बरं जमतं रे तुला."

"अगं, लोक माझ्याकडे बोट दाखवतील..."

"तुझ्या हाताला डाग नको, म्हणून माझ्या पोराने हात हलवत घरी यायचं. तुझ्याकडे सगळं फुकटच येतं ना, त्यात माझा पोरगाही मोजलास." एवढं बोलून ती निघून गेली. लहानपणी याच बहिणीने आपल्या ताटातलं त्यांना भरवलं होतं. चिटणिसांना त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. पोरगा गेला तर मागे उरणार ती अडगळ.

दोन दिवस त्यांनी मनाशी भांडण केलं. शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून, रोख घेतो म्हणून सांगायला ते बूटवाल्याच्या दुकानात गेले. दुकानात भाचा होता. दुकानाचं नाव छापलेला शर्ट घालून, एक गुडघा टेकून, तो एका गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवत होता. मुठी वळायला शिकवणारे ते हात टाच चाचपत होते.

"तुम्ही नको म्हणालात, मग मी त्यालाच ठेवून घेतला," बूटवाला मनमोकळेपणाने म्हणाला. "पगार ठरला होता तोच."

"पोरं वाट बघताहेत," चिटणीस कसेबसे बोलले.

बूटवाल्याने विचार केला. माणूस वाईट नव्हता. "असं करू, आठवड्यातून एक तास दुकानातर्फे पाठवतो. शर्ट तेवढा आमचा राहील. रोख नाही, म्हणजे तुम्हाला चालायला हरकत नसावी."

नको म्हणता आलं असतं. सभेत उभं राहून, मी चुकलो, याला पगार देऊन परत आणू या, असं सांगता आलं असतं. चिटणीस म्हणाले, "चालेल."

ठरलेल्या संध्याकाळी भाचा आला. पोरं धावत जाऊन त्याला बिलगली. त्यांना बाजूला सारत तो आधी टेबलापाशी आला. "मामा" अशी हाक येईल म्हणून चिटणीस खुर्चीत पुढे सरकले. भाच्याने खिशातून दुकानाची पावती काढून समोर ठेवली.

"सर, पोचल्याची सही लागते."

चिटणिसांनी सही केली.

"आणि किमतीची जागा कोरी आहे. ती तुम्हीच भरा, सभेत वाचायला लागेल तुम्हाला."

आजवर लोकांच्या अडगळीची किंमत लावलेला तो माणूस पेन धरून बसून राहिला. भाचा उभा होता. त्याच्या आवाजात ना राग होता ना ओळख.

"लवकर करा सर. माझा एकच तास आहे."