सुनंदाबाईंची दुखरी पाठ

त्या हेतलवर सुनंदाबाईंचा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. ही बाई स्वतःला ‘बर्थ कोच’ म्हणवायची, तोंड भरून हसायची आणि त्यांच्या लेकीला, रुचिराला, घरीच बाळंत करायला निघाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, इथवर ठीक. पण माहेरी म्हणजे काय, नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर, हॉलमधला सोफा सरकवून, हवा भरलेल्या टबात? जावई देवेश शनिवारी पुण्याहून यायचा आणि बायकोच्या म्हणण्याला मान डोलवून परत जायचा.

त्यात डॉक्टरीणबाईंनी नवव्या महिन्यात सांगितलं, बाळ आडवं आहे. आठवड्याने रुचिरा एकटीच सोनोग्राफी करून आली आणि म्हणाली, “फिरलं गं. डोकं खाली आलं.”

“रिपोर्ट बघू.”

“हेतलकडे आहे.”

कुठेतरी पाणी मुरतंय, हे सुनंदाबाईंनी तेव्हाच ताडलं. लेक आताशा पायांना तेल लावू द्यायची, पण पोटाला हात लागला की गाउन खाली ओढायची. आज सकाळी ती डुलकीत असताना सुनंदाबाईंनी हात फिरवलाच. डाव्या कुशीत टणक, गोल काहीतरी लागलं. बाळाचं डोकं! म्हणजे बाळ अजून आडवंच. पोरीला फसवतेय ही बया, असं पुटपुटत त्यांनी गॅलरीत जाऊन हेतलला फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला.

हेतलने शांतपणे ऐकून घेतलं. “काकू, रिपोर्ट माझ्याकडे कुठंय? रुचिरा म्हणाली, आईने जपून ठेवलाय. मी तीनदा मागितला. बाळ आडवं असेल तर घरी नाही म्हणजे नाही. पाणमोट फुटली तर नाळ आधी बाहेर येऊ शकते. मग हॉस्पिटल गाठायलाही वेळ मिळत नाही. आत्ताच्या आत्ता तिला घेऊन जा.”

सुनंदाबाई आत आल्या तेव्हा रुचिरा उठून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने बाळाच्या दुपट्यांखालून रिपोर्ट काढून दिला. बाळ आडवंच होतं.

“अगं, जिवावर बेतलं असतं! का केलंस हे?”

“सिझर नको म्हणून. वाटलं, फिरेल आपोआप.” रुचिराला रडू फुटलं. “जन्मभर ऐकतेय मी. ‘हिच्या वेळी सिझर झालं, पाठीत सुई टोचली, तेव्हापासून बादली उचलवत नाही.’ पाहुण्यांसमोर, माझ्या लग्नात, अगदी डोहाळजेवणालासुद्धा! मला माझ्या बाळाकडे असं बघायचं नाहीये, आई.”

सुनंदाबाई लेकीशेजारी टेकल्या. जे इतकी वर्षं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते त्यांनी सांगून टाकलं.

“पाठ दुखत नाही माझी. दोन महिने दुखली, मग थांबली. सासरी, आपटा गावात, विहिरीचं पाणी भरावं लागायचं. बरं वाटतंय म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी घागरी परत माझ्या कमरेवर. तुझे बाबा भरायला लागले होते, मग मी गप्पच राहिले.”

रुचिराने डोळे बारीक केले. “मला हॉस्पिटलला न्यायला आत्ता रचतेस हे.”

आता हिला कसं पटवायचं? सुनंदाबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या. पाण्याचा वीस लिटरचा भरलेला जार त्यांनी कमरेवर घेतला आणि हॉलमध्ये आणला. सोफ्याला एक फेरी घातली, दुसरी घातली. तेवढ्यात दार उघडून रुचिराचे बाबा, गुरुदत्त, आत आले. करंजा बंदरावरची ताजी कोळंबी घेऊन आले होते बिचारे. पिशवी तिथेच टाकून ते धावले.

“अगं, पाठ! पाठ!”

“नाही दुखत हो,” सुनंदाबाई म्हणाल्या. “कधीचीच नाही दुखत.”

गुरुदत्तांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. रुचिरा बापाच्या त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला आणखी पुरावा नको होता. ती सोफ्याला धरून उठली.

“बाबा, गाडी काढा. हॉस्पिटलला जायचंय.”

सुनंदाबाईंनी कपड्यांची जड बॅग उचलली. जिन्यात गुरुदत्तांनी ती घ्यायला सवयीने हात पुढे केला. मग एकदा बायकोकडे बघितलं, आणि हात मागे घेतला.